चार दिवसांचा शेजारी

मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या सभांमध्ये पार्किंग आणि गळतीच्या जोडीला आता आणखी एक विषय येऊन बसला आहे: दिवसाच्या भाड्याने दिले जाणारे फ्लॅट. बुकिंग मोबाइलवर होते, चावी दाराशी टांगलेल्या आकडेकुलपाच्या पेटीत असते. पाहुणे रात्री-अपरात्री येतात आणि चार दिवसांनी निघून जातात. मालक त्या इमारतीतच काय, पुष्कळदा शहरातही नसतो. सोसायटी म्हणते, हे बंद करा. मालक म्हणतो, घर माझे आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

आधी गरज पाहू. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941पासून उभे आहे आणि तिथे देशभरातून रुग्ण येतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावरचे किरणोपचार साधारण सहा ते सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. मशीनवरचे काम काही मिनिटांचे, पण तेवढ्यासाठी सगळा काळ मुंबईतच काढावा लागतो. तोंड आतून सोलवटते, घास गिळवत नाही. मग पेज, मऊ भात, मिक्सरमधून फिरवलेली खिचडी हाच आहार उरतो. हॉटेलच्या खोलीत कुकर लावता येत नाही, आणि अकरा महिन्यांच्या करारावर घर घेण्याची ना गरज असते ना ऐपत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती मोलाचे काम करतात, तरी रुग्णालयाजवळच्या फूटपाथवर पथाऱ्या दिसतातच. अशा कुटुंबाला गॅस, स्वच्छ संडास आणि आतून लावता येणारी कडी असलेली जागा मिळणे ही चैन नव्हे. परीक्षेला आलेली मुलगी आणि तिची आई किंवा वन-रूम-किचनमधल्या आईवडिलांना भेटायला आलेला मुलगा व सून यांचीही अडचण वेगळी नसते.

आता दुसरी बाजू. इमारत माणसांच्या ओळखीवर चालते. वॉचमनच्या वहीत दर आठवड्याला नवी नावे पडू लागली की कोण आपले आणि कोण परके, हे त्यालाही सांगता येत नाही. रात्री दोन वाजता भलत्याच दाराची बेल वाजते, शनिवारी गाणी चढ्या आवाजात सुरू होतात, आणि तक्रार करायला गेले तर दार उघडणाऱ्याला मालकाचे नावही ठाऊक नसते. त्याहून मोठा प्रश्न घरांचा आहे. दिवसाच्या भाड्यात जास्त पैसे सुटू लागले की महिन्याच्या भाड्याने मिळणारी घरे कमी होतात. याच चिंतेपोटी बार्सिलोनाने 2024 साली पर्यटकांच्या फ्लॅटचे दहा हजारांहून अधिक परवाने 2028पर्यंत संपवण्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कने सप्टेंबर 2023पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी नोंदणी आणि यजमानाची घरातली उपस्थिती सक्तीची केली. लंडनने मधला मार्ग धरला: वर्षाला 90 रात्रींची मर्यादा.

आपल्याकडचा कायदा या व्यवहाराला जुळत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तीन रात्रींसाठी हा खटाटोप कोण करणार? म्हणून व्यवहार आडोशाने चालतो, आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांइतकाच प्रामाणिक पाहुण्यालाही होतो. गेटवर कुणी विचारलेच तर ‘मालकांचे नातेवाईक आहोत’ असे सांगायला त्याला शिकवले जाते.

सरसकट बंदी घातली तर हा लपवालपवीचा धंदा वाढेल आणि परळचा रुग्ण पुन्हा रस्त्यावर येईल. मोकळे सोडले तर राहत्या इमारतींची लॉज होतील. म्हणून राज्य सरकारने परवानगी द्यावी, पण अटींवर. प्रत्येक फ्लॅटची सोपी ऑनलाइन नोंदणी असावी. हाकेच्या अंतरावर राहणारा एक जबाबदार माणूस नेमलेला असावा आणि त्याचा फोन नंबर सोसायटीच्या कार्यालयात लावलेला असावा. पर्यटकांच्या मुक्कामाला वर्षातल्या रात्रींची मर्यादा घालावी, रुग्णालयाचे कागद दाखवणाऱ्या कुटुंबांना त्यातून सूट द्यावी. पाणी, लिफ्ट आणि सफाईवर पडणाऱ्या भाराचा वाजवी आकार मालकाने भरावा, आणि वारंवार तक्रारी आल्यास नोंदणी रद्द व्हावी.

सोसायटीला माहिती मिळण्याचा आणि दंड करण्याचा हक्क जरूर असावा. मात्र जात, धर्म, खाणेपिणे किंवा एकटी बाई पाहून नकार देण्याचा हक्क मुळीच नसावा. त्रास होतो तो बेजबाबदार मालकामुळे. नियमाने त्यालाच धरावे, पाहुण्याला नव्हे.