हुकूम कोणाच्या शब्दांत?

शहापूरच्या खडेबाजारात सायंकाळी उभे राहिले तर हल्ली माणसांच्या बोलण्यात आणखी एक आवाज मिसळलेला ऐकू येतो. गल्ल्याशेजारी ठेवलेला एक छोटा डबा, गिऱ्हाइकाने मोबाइलवरून पैसे दिले की मोठ्याने पुकारतो, "इतके रुपये मिळाले." कुठला डबा कन्नडमध्ये बोलतो, कुठला हिंदीत, एखादा मराठीतही. यंत्रे आपल्याशी बोलू लागली ह्याचे आता कोणालाही नवल राहिलेले नाही. परंतु त्याच गल्ल्यावर बसलेला माणूस यंत्राशी बोलू लागला तर यंत्राला ते उमजते काय, हा प्रश्न निराळा आहे आणि गेले सहा महिने मी त्यात गुंतलो आहे. त्यातून जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, गल्लीतले खेळणे कन्नडमध्ये. पहिल्या वर्षी 'डेबिट' आणि 'क्रेडिट' ह्या दोन शब्दांनी मला दोन महिने छळले. मग एके दिवशी कळले की मामा ज्याला 'नावे' आणि 'जमा' म्हणतात तेच हे. मामांचे किराणा दुकान आहे आणि सायंकाळी मी तिथे बसतो. उधारीची वही मामा स्वतः लिहीत. लिहीत असे म्हणतो, कारण मधुमेहाने त्यांची नजर अधू झाली आहे. ओळीवर ओळ चढते, सातचा एक दिसतो. मी नसतो त्या वेळी उधारी त्यांच्या डोक्यात राहते, आणि रात्री मी आल्यावर ते मला सांगतात. दुकान माझ्या हाती द्यावे असे घरात सगळे म्हणतात, फक्त मामा म्हणत नाहीत. त्यांना दुकान स्वतः चालवायचे आहे.

माझा एक मित्र बीसीए करतो. तो म्हणाला, "लिहायला येत नाही तर बोलू दे की. आपण अ‍ॅप करू. मामा बोलतील, वही आपोआप भरेल." येथून सारे सुरू झाले.

ज्यांना ह्या विषयाची माहिती नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. मोबाइलमधल्या अ‍ॅपला बोलका हुकूम जोडायचा म्हणजे अ‍ॅप बनविणाऱ्याने दोन गोष्टी आधी ठरवून द्याव्या लागतात : कोणते काम करायचे, आणि ते कोणाचे वा कितीचे. 'उधारी मांडणे' हे काम झाले. गिऱ्हाइकाचे नाव व रक्कम ह्या त्यातल्या रिकाम्या जागा. मग हे काम कोणकोणत्या वाक्यांनी सुरू व्हावे त्याची यादी द्यायची. अ‍ॅपल कंपनीचा 'सिरी' हा सहायक २०११ मध्ये आला, परंतु इतरांच्या अ‍ॅपना त्याचे दार २०१६ मध्ये उघडले, आणि तेही निरोप पाठविणे, पैसे देणे, गाडी मागविणे अशा मोजक्या कामांपुरते. २०१८ मध्ये 'शॉर्टकट्स' आले. त्यात वापरणाऱ्याने स्वतःचे वाक्य स्वतःच्या आवाजात नोंदवायचे असे. २०२२ पासून अ‍ॅप बनविणाराच तयार वाक्ये अ‍ॅपमध्ये घालून देऊ शकतो. वापरणाऱ्याला काही जुळवावे लागत नाही. मात्र अशी कामे एका अ‍ॅपला जास्तीत जास्त १०, आणि प्रत्येक वाक्यात अ‍ॅपचे नाव आलेच पाहिजे. गूगलनेही अँड्रॉइडवर ह्याच धर्तीची व्यवस्था केली, आणि २०१६ पासून अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरले की नेमक्या कामांची छोटी यादी उघडते, ती निराळीच.

सोय वाढली हे खरे. पण २०१८ ते २०२२ ह्या चार वर्षांत एक गोष्ट हळूच इकडून तिकडे गेली आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष नाही. आधी वाक्य वापरणारा ठरवीत होता. आता मुख्यतः बनविणारा ठरवितो. स्वतःचे वाक्य जोडण्याची वाट आजही बंद नाही, पण ती शोधून काढावी लागते, आणि मामांसारखा माणूस ती शोधीत बसणार नाही.

मित्राने पहिली यादी केली ती सारी इंग्रजीत. "अ‍ॅड क्रेडिट एंट्री." "शो कस्टमर बॅलन्स." अ‍ॅपचे नावही इंग्रजी, 'लेजर'पासून सुरू होणारे. मी म्हटले, मामांना हे म्हणता येणार नाही. तो म्हणाला, "शिकतील. लोक एटीएम शिकलेच ना?" आम्ही मामांपुढे मोबाइल ठेवला. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मोबाइलने दोनदा "पुन्हा सांगा" म्हटले. मामा मोबाइल बाजूला सारून म्हणाले, "मी दुकान चालवायलोय की इंग्रजीची परीक्षा द्यायलोय रे?"

मित्राच्या मनात वाईट काही नव्हते. एटीएमचा त्याचा दाखला मात्र मला पटला नाही. एटीएमवर आपण बटण दाबतो. बटणाला उच्चार नसतो. हुकूम तोंडाने द्यायचा असेल तर तो जिभेवर आधीच असलेला शब्द हवा. हात गुळाच्या ढेपेत असताना, समोर चार गिऱ्हाइके उभी असताना, माणूस पाठ केलेले वाक्य आठवीत बसत नाही.

तेव्हा मी एक साधी गोष्ट केली. आठ दिवस गल्ल्यामागे वही घेऊन बसलो आणि उधारीबद्दल जे जे बोलले गेले ते जसेच्या तसे टिपले. मामा 'उधारी नोंदवा' असे कधीच म्हणत नाहीत. ते म्हणतात "मांड". "हे मांड रे", "त्याच्या नावावर मांड", नुसतेच "मांडलं काय?" पैसे आले की "जमा कर" किंवा "फेडलं त्यानं". कन्नड गिऱ्हाईक म्हणते "उद्री बरकोरी", आणि विचारते "एष्ट बाकी ऐती?" मामा त्याच दमात कन्नडमध्ये उत्तर देतात आणि माझ्याकडे वळून मराठीत "मांड" म्हणतात. एका व्यवहारात दोन भाषा, आणि दोघांनाही त्याची जाणीव नसते.

टिपण वाचताना जे दिसले त्याने मला खरोखर आनंद झाला. खाते, जमा, बाकी, खर्च, वसूल हे शब्द दोन्ही बाजूंना तेच. उच्चाराचा थोडा हेल बदलतो इतकेच. उधारीची तिकडे उद्री झाली आहे. शतकानुशतके एकाच बाजारात बसून दोन भाषांनी गल्ल्यापुरती एक सामाईक बोली केव्हाच तयार केलेली आहे. आम्हाला ती फक्त उचलायची होती. इंग्रजी नाव काढून अ‍ॅपचे नाव आम्ही 'खाते' ठेवले. उद्या प्रत्येक वाक्यात नाव घ्यावे लागले तरी मराठी जीभ अडणार नाही, कन्नडही नाही.

शब्दांचे जमले, तरी आकडे राहिले होते. आवाजाची अक्षरे करून देणारी तयार सोय आम्ही वापरली. गूगलने २०१७ मध्ये मराठी व कन्नडसह ८ भारतीय भाषांत बोलून टंकलेखन आणले, तेव्हापासून असल्या सोयी आपल्या भाषांत मिळू लागल्या. ती अक्षरे वाचून रक्कम काढण्याचे काम मात्र आमचे. आणि मराठी आकडे म्हणजे काय प्रकरण आहे, हे मराठीत शिकूनही मला तोवर कळले नव्हते! कन्नडमध्ये ४९ म्हणजे नलवत्तोंबत्तु : आधी चाळीस, मग नऊ. आपल्याकडे एकोणपन्नास : पन्नासाला एक कमी. पंचेचाळीसमध्ये पाच आधी येतो, चाळीस मागून. (२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आमच्या घरीही त्याची थट्टा झाली. आज त्या पुस्तकवाल्यांची अडचण मला थोडी समजते.) आणि ह्या सगळ्यांवर कडी म्हणजे सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे. गल्ल्यावर 'एकशे पंच्याहत्तर' कोण म्हणतो? 'पावणेदोनशे' म्हणतात.

बागेवाडीकडून एक अज्जी येतात. लोणी विकून जाताना किराणा नेतात. त्यांची पावणेदोनशेची उधारी मामांनी बोलून मांडली. आवाजाची अक्षरे बरोबर झाली होती. आमच्या अ‍ॅपने मात्र 'पावणे' हा शब्द अनोळखी म्हणून टाकून दिला आणि 'दोनशे' उचलले. चूक सर्वस्वी आमची. पुढल्या आठवड्यात अज्जींनी पदराच्या गाठीतून मोजून पैसे काढले आणि मामांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून "इन्नूर" म्हटले. अज्जी शांतपणे म्हणाल्या, "नूर एप्पत्तैद." त्या वाद घालीत नव्हत्या. त्यांना फक्त आठवत होते. मामांनाही मग आठवले.

पंचवीस रुपये ही काही मोठी रक्कम नव्हे. पण रात्री दुकान बंद करताना मामा म्हणाले, "इतकी वर्षं झाली, तिच्यासमोर खाली बघायची वेळ आली नव्हती." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुन्हा जुनी वही काढली. ओळी चढत राहिल्या. महिनाभर मोबाइलकडे त्यांनी पाहिले नाही आणि मलाही त्यांना सांगायचे धैर्य झाले नाही.

त्या महिन्यात आम्ही दोन गोष्टी केल्या. एक, सव्वा ते साडेपर्यंतची सारी कोष्टके हाताने लिहून अ‍ॅपमध्ये घातली. दुसरी, पैशाचा कोणताही हुकूम ऐकल्याबरोबर पुरा करायचा नाही. रक्कम उलट वाचून दाखवायची आणि मामांनी "होय" म्हटले तरच मांडायची. बोलून पैसे देण्याची सोय देशात येऊ लागली आहे. एनपीसीआयने २०२३ मध्ये 'हॅलो! यूपीआय' हिंदी व इंग्रजीत सुरू केले आणि इतर भाषा पुढे येतील असे सांगितले. ती मराठी-कन्नडमध्ये आणणाऱ्या इंजिनिअरांनी पावणे आणि अडीचची परीक्षा आधी घ्यावी, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

पण उलट वाचून दाखविण्यात आणखी एक गोष्ट उघडी पडली, जी आम्हा दोघांच्याही ध्यानी आली नव्हती. रक्कम मांडताना मोबाइल मोठ्याने बोलला तर एक वेळ चालते. पण मामांनी "बाकी" विचारली आणि मोबाइलने भर गर्दीत एका गिऱ्हाइकाचे नाव घेऊन सतराशे रुपये पुकारले, तेव्हा तो माणूस पिशवी न घेताच बाहेर पडला. पैसे आल्याचे डब्याने ओरडून सांगावे, त्यात कोणाची अब्रू जात नाही. उधारी मात्र आपल्याकडे खालच्या आवाजात बोलायची गोष्ट आहे. मामा बाकी सांगताना नेहमी वही गिऱ्हाइकाकडे वळवून आकड्यावर बोट ठेवतात, तोंडाने बोलत नाहीत. हे मी लहानपणापासून पाहत आलो आणि तरी मला सुचले नाही. आता 'बाकी' म्हटले की आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतो, आवाज होत नाही. बोलता येते म्हणून सगळेच बोलले पाहिजे असे थोडेच आहे!

माझ्या ह्या मतावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. आमच्या एका प्राध्यापकांचे म्हणणे असे की मोबाइलमध्ये मराठी आणायची तर शुद्ध आणावी. 'उद्री' आणि 'मांड' कसले घालता? त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणतो, सर, शुद्ध हुकूम देणारे गिऱ्हाईक मला आठ दिवसांत एकही भेटले नाही. ज्या भाषेत माणूस कर्ज काढतो आणि फेडतो ती त्याची भाषा, व्याकरण मागून येऊ दे.

दुसरा आक्षेप माझ्या मित्राचा, आणि तो अधिक वजनदार आहे. तो म्हणतो, ही यादी करण्याचे दिवसच सरले. गूगलने २०२४ मध्ये जेमिनी भारतात ९ भारतीय भाषांत आणले, त्यांत मराठी आहे, कन्नडही आहे. २०२५ मध्ये त्यांनी जुन्या असिस्टंटची जागा जेमिनी घेईल असे जाहीर केले. काहीही बोला, यंत्र समजेल. समजेलही. पण 'मांड' हा शब्द समजणे वेगळे आणि तो उच्चारल्यावर पैसे कोणाच्या नावे पडावेत, आधी विचारावे की नाही, मोठ्याने बोलावे की गप्प राहावे हे ठरविणे वेगळे. ते अ‍ॅप बनविणाराच ठरविणार. आणि बनविणारा गल्ल्यामागे कधी बसलाच नसेल तर यंत्र कितीही हुशार असो, अज्जींकडून पंचवीस रुपये जास्तच मागणार.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की आमच्या संगणक विभागात दर वर्षी अ‍ॅपचे प्रकल्प होतात, त्यांतल्या बोलक्या हुकुमांची यादी संगणकासमोर बसून करू नये. आठ दिवस दुकानात, रिक्षा थांब्यावर, दूध डेअरीत बसून ती करावी. वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी बरोबर घ्यावा. आम्हाला निदान नावे आणि जमा तरी कळते. एक मराठी आणि एक कन्नड असेल तर फारच उत्तम.

मामा सध्या अ‍ॅप वापरतात, वहीही शेजारी उघडी असते. पडद्यावर दोन मोठी बटणे केली आहेत, डावे मराठीचे, उजवे कन्नडचे, कारण ऐकणाऱ्या सोयीला आधी भाषा सांगावी लागते. ते अनेकदा चुकून भलतेच दाबतात. परवा अज्जी आल्या होत्या. मामांनी मांडले, मोबाइलने रक्कम वाचली, आणि मामांनी "होय" म्हणण्याआधीच अज्जींनी "हौद" म्हटले. अ‍ॅपला 'हौद' येत नव्हते. रात्री मी ते यादीत घातले.

आमच्या यादीत अजून पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. ह्याच अंकाचा कन्नड विभाग वाचणाऱ्या मित्रांपैकी कोणाच्या घरी दुकान असेल तर तिथे 'अर्धे फेडले, अर्धे पुढच्या महिन्यात' हे कसे म्हणतात, ते मला वर्गात येऊन सांगावे.