किल्ली सौंसरला, गाडी पांढुर्ण्यात

या पोळ्याला आमची चांगलीच फजिती झाली. नागपूरहून सौंसरपर्यंत गाडी धाकट्या भावाने चालवली. तिथे तो सासुरवाडीला उतरला. इंजिन चालूच होतं, मी स्टिअरिंगवर बसलो आणि बाबांना घेऊन पांढुर्ण्याकडे निघालो. गाडी दोन-तीनदा पिंपिं वाजली; मला वाटलं, बाबांनी बेल्ट लावला नसेल. घरासमोर गाडी बंद केली आणि मग ती ना चालू होईना, ना लॉक. किल्ली भावाच्या खिशात, सौंसरला!

"काऊन रे, मंग किल्ली नसताना इथवर आली कशी?" बाबांनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता.

या गाड्यांत हँडलला हात लावला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर किल्लीला हाक मारते. ही हाक जेमतेम मीटर-दोन मीटर पोहोचते. खिशातली किल्ली जागी होते, गाडीने पाठवलेल्या आकड्यावर आपल्या गुप्त कोडने गणित करते आणि उत्तर पाठवते. आकडा दरवेळी नवा, म्हणून जुनं उत्तर चोरून उपयोग नाही. स्टार्टचं बटण दाबलं की पुन्हा हीच विचारपूस. पण इंजिन एकदा सुरू झालं की किल्ली गेली तरी गाडी ते बंद करत नाही. भर हायवेवर बंद पडलं तर जीवच जायचा. ती फक्त पिंपिं करते.

चोराला नेमकं हेच फावतं. एक जण यंत्र घेऊन घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. गाडीची हाक ते आत खुंटीवर टांगलेल्या किल्लीपर्यंत पोहोचवतात आणि किल्लीचं उत्तर गाडीपर्यंत. किल्ली खरी, उत्तर खरं, खोटं फक्त अंतर. पुढे पिंपिं झाली तर चोराला काय! २०११ मध्ये ईटीएच झुरिचच्या संशोधकांनी ८ कंपन्यांची १० मॉडेल्स तपासली. सगळी या युक्तीला फसली.

काही नव्या गाड्या उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजून अंतर ओळखतात. काही किल्ल्या हलवल्या नाहीत की झोपी जातात. तुमची तशी आहे का, डीलरला विचारा. तोवर किल्ली दाराजवळच्या खुंटीवर नको. स्टीलच्या डब्यात ठेवायची असेल तर आधी डबा घेऊन गाडीपाशी जा आणि हँडल ओढून बघा. उघडली तर तो डबा साखरेलाच बरा.

त्या रात्री उघड्या गाडीसाठी बाबांनी ओसरीत खाट टाकली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, गावात ही गर्दी; गाडी त्याआधी हलवायलाच हवी होती. भाऊ पहाटेच मोटारसायकलवर किल्ली घेऊन आला. बाबांनी गाडी लॉक करायला लावली, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि सवयीप्रमाणे हँडल ओढून पाहिलं.

गाडी उघडली.

"पाय, लॉकच खराब आहे तुह्यं," बाबा म्हणाले.