ही दप्तरं रद्दीत घालू नका

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमलाबाई देशपांडे यांनी पतीच्या अटकेविरुद्ध नागपूरच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. पोलिसांचं म्हणणं एवढंच, की आम्हाला संशय आला. संशयाला सबळ कारण होतं हे पोलिसांनीच सिद्ध करावं, असं न्यायालयाने ठरवलं. सरकार अपील घेऊन थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १९४६ मध्ये तिथंही हरलं. इंग्रजांच्या दरबारात, इंग्रजांचंच सरकार!

तीस वर्षांनी तोच वाद पुन्हा पेटला. आणीबाणीत ‘मिसा’ या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली डांबलेल्यांना न्यायालयाचं दार ठोठावता येतं, असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठही होतं. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ते निकाल फिरवले. वेगळे राहिले ते एकटे न्या. एच. आर. खन्ना. बहुमताचा तो निकाल चुकीचा होता हे मान्य व्हायला २०१७ साल उजाडलं.

छापील निकाल कुठे जात नाहीत. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ तर नागपुरातूनच निघतो. जातंय ते त्यामागचं: वकिलांची टाचणं, अर्जांच्या निळ्या कार्बन प्रती, समासात पेन्सिलीने खरडलेले प्रश्न, कारागृहातून आलेली पत्रं. धरमपेठ, रामदासपेठेतले जुने बंगले पडताहेत, फ्लॅट स्कीम उठताहेत. वकील आजोबांचं कपाट लावायला घरात कुणालाच वेळ नसतो. रद्दीवाल्याला मात्र असतो.

म्हणून ही विनंती, आणि थोडी दटावणीही. १९४२ ते ४५ किंवा १९७५ ते ७७ यातलं साल दिसलं, की ती फाइल बाजूला काढा. फीत सोडू नका, कागदांचा क्रम मोडू नका. नागपूर विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने आणि हायकोर्ट बार असोसिएशनने मिळून एक खोली, एक स्कॅनर आणि एक जाणता माणूस द्यावा. अशिलाचं खासगी काही निघालं तर ते खुशाल कुलुपात ठेवा.

हा वाद अजून संपलेला नाही. महाराष्ट्राचं जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात मांडलं गेलं. बाजूने बोला, विरोधात बोला. पण सरकारचा नुसता संशय पुरतो का, हा प्रश्न याच गावात कसा लढवला गेला ते वाचून बोला. विधीच्या विद्यार्थ्यांनी महिन्याला एक फाइल चारचौघांत, मराठीतून वाचावी. वकिलांनी तिथं येऊन भांडावं.

दिवाळीची साफसफाई दरवर्षी होतेच. यंदा माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही उघडा.