तिलाही बसू द्या संगणकापुढं

‘पोरीचं एमएस-सीआयटी झालं, आता काय राहिलं?’ आमच्या चुडाव्यात बचत गटाच्या बैठकीत हे वाक्य हमखास कानावर येतं. ते प्रमाणपत्र हवंच, नोकरीच्या अर्जाला लागतं. पण मैत्रिणींनो, संगणक तिथं संपत नाही. खरी गंमत प्रोग्रॅमिंगमध्ये आहे. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाला सांगितलेली कृती, आपल्या पुरणपोळीसारखी. एक पायरी चुकली की सगळं बिघडतं. मग चूक शोधायची आणि पुन्हा करून बघायचं. ही गोडी लहानपणीच लागली तर पोर कुठल्या कुठं जाते!

मुंबईच्या मालविका जोशीचंच बघा. ती सातवीत असताना आई सुप्रियाताईंनी तिला शाळेतून काढलं, स्वतःची नोकरी सोडली आणि घरीच शिकवलं. वेगवेगळे विषय हाताळताना मालविकाला प्रोग्रॅमिंग आवडलं. शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवलं. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून आयआयटीचं दार बंद होतं. पण २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेनं तिला शिष्यवृत्तीसह प्रवेश दिला.

हे वाचून कुणी मुलीची शाळा सोडवू नका हं! आपल्याकडं पोरीची शाळा सुटली की महिनाभरात स्थळं यायला लागतात. सुप्रियाताईंकडून घ्यायचं ते वेगळंच. त्यांनी लेकीला वेळ दिला. आवडीचं काम तासन्‌तास करायची मोकळीक दिली. आपल्या घरात मुलगा संगणकापुढं बसला तर ‘अभ्यास करतोय’ आणि मुलगी बसली तर ‘भांडी कोण घासणार?’ आवड काय आभाळातून पडते? हाताला लागल्याशिवाय ती कळणार कशी?

खर्चाचं म्हणाल, तर एमआयटीनंच मुलांसाठी २००७ मध्ये आणलेलं ‘स्क्रॅच’ फुकट मिळतं. रंगीत ठोकळे जोडून त्यात गोष्टी, खेळ तयार करता येतात. एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटही लागत नाही. घरी संगणक नसेल, तर चार जणी मिळून मुख्याध्यापकांना भेटा. शनिवारी तासभर शाळेतली संगणकाची खोली मुलींसाठी उघडा म्हणावं.

आणि त्या तासभर घरची भांडी भावाला घासू द्या!