त्याग कोणाला मोठा करतो?

'त्याग' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. निवृत्तीचा निरोप समारंभ असो, एकसष्टी असो की शोकसभा असो, 'त्यांनी आयुष्यभर त्याग केला' हे वाक्य कोणी ना कोणी म्हणतोच. घरातल्या आईबद्दल तर ते तिला न विचारताच म्हटले जाते. पण त्या त्यागाने त्या माणसाचे काय झाले, तो आतून वाढला की झिजला, हे सहसा कोणी विचारत नाही. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्याचे उत्तर शोधताना दोन दारे ठोठावावी लागतात. एक ख्रिस्ती विचाराचे, कारण स्वतःला देऊन टाकण्यातून माणूस घडतो ही गोष्ट त्या धर्माने आपल्या श्रद्धेच्या गाभ्यात ठेवली आहे. दुसरे मानसशास्त्राचे, कारण गेली शंभर वर्षे ते या दाव्याची उलटतपासणी करत आले आहे.

गोव्यातल्या मराठी वाचकाला ख्रिस्ती विचार अगदीच परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतल्या रायतूर येथे छापले गेले. लिपी रोमन असली तरी भाषा मराठी होती आणि छंद ओवीचा होता. क्रूसावरच्या मरणाची कथा चारशे वर्षांपूर्वी आपल्या पुराणांच्या चालीवर सांगितली गेली. ती ज्या सत्तेच्या छायेत सांगितली गेली त्या सत्तेचा इतिहास कटू आहे, हे गोव्यात कोणाला वेगळे सांगायला नको. तरीही कथेतला विचार त्या सत्तेच्या मालकीचा नव्हता आणि तो आपण मोकळ्या मनाने तपासू शकतो.

तो विचार थोडक्यात असा. योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाच्या दाण्याची उपमा येते. दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पीक देतो. संत पौल फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिते केले असे म्हणतो. एवढेच वाचले तर वाटेल, की जितके जास्त मिटून जावे तितके जास्त पुण्य. पण त्याच शुभवर्तमानात आणखी एक गोष्ट आहे आणि ती प्रवचनांत कमी ऐकू येते. आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, आपण तो आपल्या इच्छेने देतो, असे येशू स्पष्ट करतो. शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञासुद्धा माणसाचे स्वतःवर प्रेम आहे हे गृहीत धरून, त्याच मापाने दिलेली आहे. म्हणजे देणाऱ्यापाशी 'मी' असला पाहिजे आणि तो त्याच्या ताब्यात असला पाहिजे. रिते व्हायचे तर आधी भांडे हवे.

याचे आपल्या मातीतले उदाहरण म्हणजे संत जोसेफ वाझ. जन्म १६५१ साली बाणावलीत, आजोळी. घर सांकवाळचे. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी आपण मरियेचे कायमचे दास आहोत असे पत्र लिहून त्यावर सही केली. १६८१ ते १६८४ या काळात त्यांनी कानडा प्रांतात काम केले. तिथे पोर्तुगालच्या धर्माधिकाराचे लोक आणि थेट रोमने नेमलेले लोक यांच्यात कोणाचा हुकूम चालावा यावरून तंटा होता आणि या गोमंतकीय पाद्रीला त्यात मध्यस्थी करावी लागली. युरोपीय धर्मसंघांत एतद्देशीयांना जागा मिळणे मुश्किल होते. म्हणून गोव्यातल्या काही धर्मगुरूंनी १६८५ च्या सुमारास आपला स्वतंत्र ऑरेटरी संघ उभा केला. त्याला आकार देण्यात वाझ पुढे होते. मग १६८७ साली ते हमालाच्या वेशात जाफन्याला उतरले. श्रीलंकेच्या किनारपट्टीवर तेव्हा डचांची सत्ता होती आणि तिने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती.

पुढचा प्रवास सोपा नव्हता. तमिळ शिकले, सिंहली शिकले. १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात गेले तेव्हा पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक शहर सोडून पळाले, रोग्यांना त्यांच्या घरच्यांनीही टाकले. वाझ आणि त्यांच्या सोबतीला आलेले दुसरे गोमंतकीय धर्मगुरू मागे राहिले. त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि मेलेल्यांना माती दिली. बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा विश्वास त्यांनी मिळवला तो असा. बिशपपदाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी नकार दिला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचा अंत झाला. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नाहीत. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिले.

हा माणूस त्यागाने लहान झाला असे कोणीही म्हणणार नाही. गोव्यात राहिले असते तर ते एखाद्या इगर्जीचे सज्जन पाद्री म्हणून विसरले गेले असते. तिकडे जाऊन ते दोन नव्या भाषांचे झाले, परक्या धर्माच्या राजाशी बोलू शकले, एक संस्था चालवू शकले. पण मला लक्ष वेधायचे आहे ते त्या १६७७ च्या सहीकडे. वाझ यांनी स्वतःला दास म्हणून लिहून दिले तो काळ गोव्यात खऱ्याखुऱ्या गुलामीचा होता. जुन्या गोव्याच्या बाजारात माणसांचा लिलाव होतो, हे डच प्रवासी लिन्शोटेन याने त्याआधीच, १५८३ ते १५८८ या आपल्या मुक्कामात, पाहून लिहून ठेवले होते. आफ्रिकेतून आणलेले ते स्त्रीपुरुषही आयुष्यभर दुसऱ्याची सेवाच करत होते. कष्ट त्यांचे वाझ यांच्यापेक्षा कमी नसतील. पण त्या सेवेने त्यांचा आत्मविकास झाला असे म्हणण्याचे धैर्य कोणाला होईल? दोघांच्या जगण्यात फरक एकच होता. एकाने स्वतः सही केली होती, दुसऱ्याची किंमत तिसऱ्याने ठरवली होती.

आता मानसशास्त्राकडे वळू. फ्रॉइडने १९२४ मधल्या एका निबंधात नैतिक आत्मपीडेचा विचार मांडला. काही माणसे दुःख ओढवून घेतात ती प्रेमापोटी नाही, तर मनाच्या तळाशी असलेल्या अपराधभावनेला शिक्षा हवी असते म्हणून, असे त्याचे म्हणणे. तेव्हापासून त्यागाकडे संशयाने पाहण्याची रीत पडली. व्हिएन्नाचाच दुसरा मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल याने मात्र उलट बाजू दाखवली. १९४१ च्या सुमारास अमेरिकेचा व्हिसा त्याच्या हातात होता, पण मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी त्याने तो वाया जाऊ दिला. १९४२ मध्ये नाझींनी सर्वांनाच छळछावणीत पाठवले. आई, वडील, पत्नी गेली, फ्रांकल वाचला. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातून आणि पुढच्या लेखनातून त्याने सांगितले, की स्वतःचा विकास हे ध्येय ठेवून त्याच्या मागे लागले तर तो हाती लागत नाही. माणूस एखाद्या कामासाठी किंवा एखाद्या माणसासाठी स्वतःला विसरतो, तेव्हा तो मागून आपोआप येतो. ज्याचा पिरॅमिड आज प्रत्येक कंपनीच्या प्रशिक्षणात दाखवतात त्या मास्लोनेही आयुष्याच्या अखेरीस आत्मविकासाच्या वर आणखी एक पायरी मानली होती, स्वतःपलीकडे जाण्याची. पिरॅमिडच्या चित्रात ती सहसा नसते.

संशोधनही काही प्रमाणात याच दिशेला जाते. स्टेफनी ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षे अभ्यास करून २००३ साली निष्कर्ष मांडला. इतरांना आधार देणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, नुसता आधार घेणाऱ्यांमध्ये तसा फायदा दिसला नाही. पण व्हिकी हेल्गसन यांच्या संशोधनातून नाण्याची दुसरी बाजू समोर येते. जी माणसे दुसऱ्याची काळजी घेताना स्वतःला पूर्णपणे वगळतात, ती जास्त खचलेली आढळतात. दुसऱ्याच्या आयुष्यात ती नको तितकी गुंतून पडतात आणि त्यांची मदत घेणाऱ्यालाही जाचते. देणे चांगले, पण देणाऱ्याने स्वतःला खोडून टाकणे चांगले नाही, असा याचा सरळ अर्थ.

हा भेद स्त्रियांनी सर्वांत आधी नेमका पकडला, हे ओघानेच आले. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अभ्यासक व्हॅलेरी सेव्हिंग यांनी १९६० साली एक निबंध लिहिला. गर्व हे मूळ पाप आणि स्वतःला विसरणे हा त्यावरचा उपाय, ही शिकवण पुरुषांनी पुरुषांच्या अनुभवावरून काढली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्त्रीचा धोका बहुधा उलटा असतो. तिचा 'मी' घडण्याआधीच इतरांच्या गरजांत विरघळून जातो. अशा स्त्रीला आणखी त्याग शिकवणे म्हणजे रोग वाढवणारे औषध देणे. १९८२ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरोल गिलिगन यांनी स्त्रियांच्या नैतिक वाढीच्या पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मांडणीत 'चांगुलपणा म्हणजे आत्मत्याग' ही मधली पायरी आहे, शेवटची नाही. शेवटच्या पायरीवर स्त्री ज्यांची काळजी घ्यायची त्यांच्यात स्वतःलाही धरते.

आपल्या घरांकडे आता या नजरेने पाहावे असे मला वाटते. धाकट्यांची शिक्षणे व्हावीत म्हणून लग्न न केलेली थोरली बहीण गोव्यातल्या किती तरी घरांत होती. बोटीवर तारवटी म्हणून गेलेला किंवा आखातात राबणारा बाप अनेक घरांत होता आणि आजही आहे. यांतली काही माणसे म्हातारपणी तृप्त दिसतात. पोरांची नावे घेताना त्यांचा चेहरा खुलतो, कोणी आठवण ठेवली नाही तरी त्यांचे अडत नाही. काही माणसे मात्र आयुष्यभर वही उघडी ठेवून बसतात. 'मी तुमच्यासाठी काय काय सोडले' हे घरातल्या प्रत्येकाला महिन्यातून एकदा तरी ऐकावे लागते. या दुसऱ्या माणसांना स्वार्थी म्हणून आपण मोकळे होतो, ते अन्यायाचे आहे. बहुतेकांना कधी कोणी विचारलेच नव्हते. त्यांचा त्याग घरच्यांनी ठरवला आणि वर त्यांना 'त्यागमूर्ती' म्हणून मोबदल्याचा तगादाही बंद केला. मग वहीशिवाय त्यांच्या हाती राहिले काय?

यावर कोणी म्हणेल, की कर्तव्याला निवड कसली? आजारी आईला सांभाळायचे की नाही, हे काय परवानगी घेऊन ठरवायचे? आक्षेप रास्त आहे. आयुष्यातली बरीच ओझी आपण मागून घेत नाही. फ्रांकलनेही युद्ध मागितले नव्हते. पण वाट्याला आलेले ओझे उचलतानाही 'हे मी उचलतो आहे' असे म्हणण्याइतकी जागा माणसाला लागते. ती जागा बाकीच्यांनी द्यायची असते. आईला सांभाळणाऱ्या सुनेला चार दिवस माहेरी जाता येते का, भावाच्या फीसाठी राबणाऱ्या बहिणीला 'आता पुरे' म्हणता येते का, ते म्हटल्यावर तिला कोणी दोष देत नाही ना, यावर सगळे अवलंबून आहे. 'नाही' म्हणायची सोय असेल तरच 'हो' ला किंमत येते.

आपल्या परंपरेलाही हे ठाऊक होते. गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार केले आहेत. म्हणजे सोडले एवढ्यावरून कोणी मोठा होत नाही. कोणत्या भावनेने, काय आणि कशासाठी सोडले हे पाहावे लागते. ख्रिस्ती विचार, मानसशास्त्र आणि गीता यांची परिभाषा वेगवेगळी आहे. फळाची आशा, ईश्वराची कृपा आणि मनाचे आरोग्य या एकच गोष्टी नव्हेत आणि त्यांची सरमिसळ करण्याची मला हौस नाही. पण त्याग करणाऱ्याचा 'मी' शाबूत असावा लागतो, या मुद्द्यापाशी तिन्ही जवळ येतात.

माझे मत म्हणून सांगायचे तर, त्याग माणसाला मोठा करतो यावर माझा विश्वास आहे. नुसते स्वतःला जपत बसणारा माणूस दाण्यासारखा कोठीत राहतो आणि तिथे त्याला टोके लागतात. पण त्याग ही स्वतःकडून मागायची गोष्ट आहे, दुसऱ्याकडून वसूल करायची नाही. ज्या धर्माने, ज्या घराने, ज्या समाजाने तो ठरावीक माणसांकडूनच मागितला, त्याने त्या माणसांची वाढ खुंटवली आणि वर सत्काराची शाल घातली. पुढच्या वेळी कोणाच्या त्यागाचे गोडवे गाण्याआधी आपण त्या माणसाला एवढेच विचारू या, की तुम्हाला काय हवे होते? उत्तर द्यायला तो माणूस हयात असताना विचारले तर बरे.