नमुना १५ की नमुना १६?

रोहिणखेडहून दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका वाचकाचे पत्र आले आहे. तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचा (नाव त्यांनी लिहिले नाही, आम्हीही विचारले नाही) जुना डेस्कटॉप त्यांच्याकडे आला. एच-६१ बोर्ड, तिसऱ्या पिढीचा आय-थ्री, डीडीआर-३ची ४ जीबीची एकच स्टिक. पोर्टल आणि दोन पीडीएफ एकत्र उघडल्या की मशीन हँग. त्यांनी रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ४ जीबी टाकली, ड्युअल चॅनल झाले, परिचालक खूश. बिल मात्र अडकले.

कारण, स्टिकची नोंद कुठे करायची? उपभोग्य वस्तूंच्या नमुना १५ मध्ये लिहावी, तर ती वापरून संपत नाही. जडवस्तूंच्या नमुना १६ मध्ये लिहावी, तर पडताळणीला दरवर्षी कॅबिनेट उघडून दाखवा! मग बिल तपासणाऱ्या साहेबांनी तोड काढली: दुरुस्तीखर्च दाखवा, फक्त काढलेला जुना भाग जमा करा. जुना भाग काढलाच नव्हता, हे त्यांना तीनदा सांगून झाले. शेवटी सल्ला मिळाला की नवा संगणकच प्रस्तावित करा, ते सोपे जाईल. म्हणजे एका स्टिकला वाट नाही आणि अख्ख्या मशीनला आहे. जुन्याच्या निर्लेखनाचे काय, हे विचारायची सोय नाही.

साहेबांवर रागावून झाले, आता आपल्यातल्या दुरुस्तीवाल्यांकडे बघू. ‘स्लो आहे’ ऐकताच रॅमचे कोटेशन देणारे सभासद आहेतच. टास्क मॅनेजर उघडायला काय जाते? रॅम निम्मी मोकळी आणि जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर पैसे साटा एसएसडीत घालावेत. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढचे वापरतच नाही, तरी तिथे ८ जीबीचे बिल फाडले जाते. आणि ‘फक्त एएमडी’वाली स्वस्त डीडीआर-३ इंटेल बोर्डावर लावून, डिस्प्ले आला नाही की बोर्डाला दोष देणे आता पुरे.

भावही पूर्वीचे राहिलेले नाहीत. एआय सर्व्हरच्या मेमरीकडे कारखाने वळले. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियलचा ग्राहक-व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यातून विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. अशा मशीनवर नवी महागडी स्टिक चढवू नका. तपासलेली जुनी मिळाली तर लावा, लिनक्स चालत असेल तर तेही सुचवा, आणि मशीनचे किती दिवस उरले ते गिऱ्हाइकाला आधी सांगा.

आता काम. बिलावर बोर्डाचे मॉडेल, आधीची आणि नंतरची रॅम, स्टिकचा सिरियल नंबर लिहा. ‘जुना भाग निघालेला नाही’ हेही लिहा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही घ्या. लेखापरीक्षणात असा आक्षेप निघाला असेल, तर त्याची प्रत याच महिन्यात आमच्याकडे पाठवा. गावाचे नाव खोडून पाठवलीत तरी चालेल. सगळे आक्षेप एकत्र करून ग्रामविकास विभागाकडे एकच प्रश्न लेखी विचारायचा आहे: स्टिक पंधरात की सोळात?