भूत नव्हतं, हुडहुडी होती

मागच्या १४ एप्रिलला वस्तीतल्या विहारासमोर मी एक कविता म्हटली. टाळ्या पडल्या. त्या कवितेत आई आहे, ती बाळंतीण आहे, आणि ती थरथरते. तिच्या थरथरीला मी भूकंप म्हटलं होतं. त्या भूकंपानं वाड्यांना तडे जातात, गढ्या कोसळतात वगैरे. दोस्तांनी पाठ थोपटली. घरी येताना बायको पोरगं खांद्यावर टाकून गप्प पुढं चालली होती. गल्लीच्या तोंडाशी थांबली नि म्हणाली, "तुमाला काय म्हाईत हो ती थरथर? मला थंडी वाजत हुती. कुणी पांघरूण दिलं न्हाई."

दोस्तांनो, भूकंप तिथंच माझ्या टाळक्यावर कोसळला. ती कविता मी या अंकाला देणार होतो. तिच्याऐवजी हे घ्या.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. शाळा नववीपर्यंत. पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात नि वाचनालयात. तेव्हा मी इथं डॉक्टरकी शिकवायला उभा नाही. मी गुन्हा कबूल करायला उभा आहे, आणि तुमच्यातल्या निम्म्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात सोबत घ्यायला.

त्या रात्री मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर होतो. आईला आत सोडलं होतं. पोरगं झालं, वार पडली, सगळं ठीक. आणि दहा मिनिटांनी बायकोचे दात वाजायला लागले. मग जबडा. मग गुडघे. लोखंडी टेबल खडखडायला लागलं म्हणे. तिला थांबवता येईना. ती म्हणते, अंग माझं नव्हतंच, कुणीतरी दुसरंच हलवत होतं. सिस्टर ओरडली, "ए बाई, नाटकं बास, पाय सरळ ठेव." आई बाहेर आली, तोंड पांढरंफटक. "बाबा, वारं शिरलंय तिच्या अंगात. देवरशाकडं जा. आत्ताच्या आत्ता."

आणि मी गेलो!

मी, ज्याच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत. मी, जो पोरांना विज्ञान शिका म्हणून सांगतो. रात्री दोन वाजता मोटारसायकल काढून देवरशाचं दार वाजवलं. त्यानं अंगारा दिला, लिंबू दिलं, ५०१ रुपये घेतले. परत आलो तर थरथर थांबलेली. आई म्हणाली, "बघ, तू तिथं पोचला आन् हिकडं उतरलं."

देवरशाचा धंदा कशावर चालतो ते मला आता कळतंय. ही थरथर आपोआप थांबते. बाळंत झाल्यावर बहुतेक करून पहिल्या अर्ध्या तासात ती सुरू होते. दोन-चार मिनिटं चालते, कधी पाऊण तास, फार तर तासभर. मग जशी आली तशी जाते. त्या तासात जो कोणी हातात अंगारा घेऊन उभा असेल तो देव. मी स्वतः टेबलाशेजारी उभं राहून ज्ञानेश्वरी म्हटली असती किंवा युनियनचा जाहीरनामा वाचला असता, तरी ती थांबलीच असती.

नंतर वस्तीतल्याच एका ताईकडं गेलो. ती नर्स आहे, दुसऱ्या गावात नोकरी करते. तिनं मला बसवून सांगितलं. आधी चांगली शिवी दिली, मग सांगितलं. साध्या बाळंतपणानंतर चार बायांत एकीला तरी अशी हुडहुडी भरते, काही ठिकाणच्या मोजणीत दोनात एकीला. इतकी ही साधी गोष्ट. कारण एकच नाही, आणि डॉक्टर लोकांचंही त्यावर अजून एकमत नाही. बाई तासन् तास कळा देऊन घामानं भिजलेली असते. खोली गार, टेबल गार, सलाईन गार. रक्त जातं, पाणी जातं, शरीरातली रसायनं एकदम खालीवर होतात. गमावलेली ऊब परत आणायला स्नायू स्वतःला हलवून उष्णता तयार करतात. सिझर करताना पाठीत सुई देतात, त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात नि आतली ऊब बाहेर निघून जाते, म्हणून तिथंही बाया थरथरतात. रक्तस्राव होऊ नये म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या देतात, त्यांनीही हुडहुडी भरते, कधी तापही चढतो नि काही तासांत उतरतो. ती गोळी जीव वाचवते. पण ती दिल्यावर "बाई, आता थंडी वाजेल, घाबरू नको" एवढं सांगायला किती पैसे पडतात?

उपाय काय? ओले कपडे बदला. अंगावर कांबळं टाका. पायात मोजे घाला. प्यायला देता येत असेल तर काहीतरी गरम द्या. आणि कुणीतरी हात धरून म्हणा, हे होतं, हे थांबेल. बस्स. माझ्या बायकोला यातलं काय मिळालं? "नाटकं बास." आणि पांघरूण मागितल्यावर, "घरनं आणायचं ना." जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझर फुकट, औषध, रक्त, जेवण, गाडी फुकट. भिंतीवर रंगवलेलं होतं, मी त्याच बाकावर बसून वाचलं होतं. त्या भिंतीच्या आत बाई काकडत होती.

आता दुसरी थरथर. इथं नीट वाचा, कारण हिच्यात आमच्या घरातलं एक माणूस गेलंय.

माझी धाकटी चुलती बाळंत झाली तेव्हा मी चौथीत होतो. घरीच झाली. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली, अंग तव्यासारखं तापलं. अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येत होता. सगळे म्हणाले बाळंतवारं. पाचवीला उशाशी सटवाई पुजली. बाबासाहेबांच्या फोटोखालीच पुजली. सहाव्या दिवशी चुलती गेली. तिला वारं नव्हतं, गर्भाशयात जंतू शिरले होते. पहिल्या तासातली थंडी वेगळी नि चोवीस तास उलटल्यावर तापासकट येणारी थंडी वेगळी. ताप १००.४ च्या वर गेला, पोट दुखतंय, वास येतोय, तर १०८ ला फोन करायचा, लिंबू शोधायचं नाही. आणि पहिल्याच तासात थरथरीबरोबर रक्त थांबत नसेल, बाई चक्कर येऊन गळत असेल, किंवा तासाभरानंही थरथर थांबत नसेल, तर आरडाओरडा करून डॉक्टरला आणायचं. थरथरणारी बाई बोलते, तुमच्याकडं बघते. शुद्ध हरपून, डोळे फिरवून, अंग ताठ होऊन झटके आले तर ती हुडहुडी नव्हे. तो रक्तदाबाचा झटका, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतो. त्याला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे. तिथं वेळ घालवला तर बाई मरते.

माझी आजी सुईण होती. कित्येक गावांत हे काम आपल्याच मांग-महारांच्या बायांवर टाकलेलं होतं. पाटलाच्या सुनेची नाळ आजीनं कापली. नाळ कापेपर्यंत तिचा हात चालला, मग उंबऱ्याबाहेर, नि मागं गोमूत्र शिंपडलं. का, तर विटाळ! रद्दीतल्या एका पुस्तकात मला सेमेलवाइस नावाचा डॉक्टर भेटला. व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात दोन बाळंत-वॉर्ड होते. एकात डॉक्टर नि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाया कितीतरी जास्त मरायच्या. ते प्रेतं फाडून तसेच हात घेऊन बाळंतिणीकडं यायचे. १८४७ साली त्यानं त्यांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले नि मरणं धाडकन खाली आली. मोठ्या मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आमचे हात घाण? १८६५ साली तो वेड्यांच्या इस्पितळात मेला. म्हंजे बघा, विटाळ कुणाच्या हाताला होता! अर्थात आजीचा विळाही धुतलेला नसायचा, हेही सांगतो. नातवानं खोटं बोलू नये.

आता आपल्यातल्याच एका कार्यकर्त्यानं मला विचारलं, "अरे, अत्याचार आहेत, जमिनी आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, आणि तू अंकात हे बायकांचं काय लिहितोस?"

भावा, १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब उठून त्याच्या बाजूनं बोलले. बाळंतपणाआधी नि नंतर बाईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, आणि मालकानंही त्याचा भार उचलला पाहिजे, असं त्यांनी मांडलं. १९२९ ला कायदा झाला. १९६१ ला देशभराचा झाला. २०१७ ला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. बाबासाहेबांना बायकांचं काय ते कळत होतं नि तुला कळत नाही, तर तू कुणाचा अनुयायी? आमच्या खात्यात कंत्राटावरच्या बाया आहेत. रजेसाठी ८० दिवस भरावे लागतात. ७० झाले की ठेकेदार हजेरीबुकातलं नावच बदलतो. विसाव्या दिवशी कापडानं छाती बांधून बाई साच्यावर उभी राहते. त्यावर मोर्चा काढलास कधी? मीही नाही काढला.

आपण आईवर कविता लिहितो. तिच्या फाटक्या लुगड्यावर, चुलीवर, भाकरीवर. पण ती टेबलावर एकटी थरथरत असते तेव्हा आपण बाहेर बाकावर बिडी ओढत असतो, नाहीतर देवरशाकडं गेलेलो असतो. आणि वर्षभरानं त्या थरथरीची प्रतिमा करतो. साली ही कसली जनावराची जात आपली!

पुढच्या महिन्यात बहिणीची तारीख आहे. आईनं तिच्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायला घेतलीय. परवा ताई घरी आली होती, तिनं आईला सगळं समजावलं. आईनं ऐकून घेतलं, मान हलवली, मग हळूच विचारलं, "लिंबू एखादं ठिवलं पिशवीत तर चालंल का?" ताई म्हणाली, "ठिवा मावशी, सरबत करू." गोधडीचे तीन थर झालेत. चौथा घालायचा की नाही यावर दोघींचं भांडण चालू आहे. थर्मामीटर मी आणलाय, १६० रुपये पडले.